लॉगमधले ४९९

सौद्याचा दिवस, सकाळचे अकरा, आणि मार्केट यार्डातून काकांचा फोन. काका आमच्या गल्लीतले, हळदीचे अडते. रोजचे दर दाखवणारी त्यांची छोटी साइट मी सांभाळतो. "आरं, तुझी ती साइट उघडंना बघ. पोरगं कवाधरनं बोट घासतंय मोबाइलवर."

भडंगाची वाटी बाजूला सारून सर्व्हरचा लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याची नोंदवही, उघडला. अकराच्या ओळी शोधल्या, एकही नाही. म्हणजे पानासाठीच्या मागण्या (रिक्वेस्ट) आपल्यापर्यंत पोचतच नाहीत, नेटचा घोळ असणार. तसं काकांना ठासून सांगितलंसुद्धा.

पंधरा मिनिटांनी नजर वेळेच्या शेपटीवर गेली: +००००. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर! आपले अकरा म्हणजे त्याचे साडेपाच. रोज बघतो ती शेपटी, पण कधी वाचली नव्हती.

साडेपाचपाशी बघतो तर दरांच्या पानापुढे ओळीनं ४९९. (मधे वर्डप्रेसचं लॉगिन मागणारे बॉट होतेच. साइटवर वर्डप्रेस नाही, हे त्यांना कोण सांगणार!) रिक्वेस्टचं काय झालं ते असा आकडा सांगतो. ४९९ हा एनजिनएक्सचा (साइटची पानं पुरवणाऱ्या सर्व्हर प्रोग्रामचा) घरचा आकडा, एचटीटीपीच्या अधिकृत यादीत तो नाही. अर्थ एवढाच की उत्तर मिळायच्या आधीच समोरच्यानं कनेक्शन तोडलं. मी आजवर फक्त पाचशेच्या घरातले, सर्व्हरची चूक सांगणारे आकडे शोधायचो, त्यामुळे हे कायम नजरेआड राहिले.

आणखी एक. यार्डाच्या गेटवरचा वॉचमन गाडी आत येताना नंबर लिहितो. एनजिनएक्स गाडी बाहेर पडताना लिहितो. रिक्वेस्ट संपल्यावरच ओळ पडते, वेळही तेव्हाचीच. आत किती वेळ ताटकळली, हे नेहमीच्या फॉरमॅटमध्ये येतच नाही. मग लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट टाइम (एकूण वेळ) आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (मागच्या ॲपनं उत्तराला घेतलेला वेळ) जोडले, कॉन्फिग रीलोड केलं आणि थांबलो. लोगोचं चित्र ०.००० सेकंदात, दरांचं पान १४.२०३. त्या पानाचा एकूण वेळ आणि ॲपचा वेळ जवळपास सारखेच, म्हणजे घोळ आपल्याच ॲपमध्ये. कित्येक वर्षांचे दर एकाच टेबलात, आणि तारखेच्या कॉलमवर इंडेक्सच (पटकन शोधायची सूची) नाही. तो टाकला, पान ०.०४१ वर आलं.

काकांना फोन लावला. "आता बघा, उघडतंय."

"उघडलं की. पर सकाळी नेटचं म्हणत हुतास न्हवं?"