पेज फ्लॅग्जचा आकडा, जुनी यादी आणि धडधाकट डिस्क: माझा अनुभव

कर्नलच्या लॉगमध्ये पेज फ्लॅग्जचा नुसता हेक्साडेसिमल आकडा टाकणारा ड्रायव्हर तुमच्या वाट्याला आला असेल, तर सपोर्टला तो आकडा पाठवण्याआधी स्वतः वाचा. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, पेज म्हणजे मेमरीचा छोटा तुकडा, आणि फ्लॅग्ज म्हणजे त्या पेजची स्थिती सांगणाऱ्या खुणा. आकड्यातला एकेक बिट म्हणजे एकेक खूण.) आणि वाचायला दुसरं कोणी नको, त्याच मशीनवर चालू असलेला कर्नलच घ्या. हे इतकं ठासून का सांगतेय ते पुढे कळेल. माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

आमच्याकडे बॅकअपचे सर्व्हर आहेत. लिनक्स, कर्नल ५.१०, फाइल सिस्टिम एक्स्ट-फोर, आणि त्यात एका विक्रेत्याचं स्टोरेज कार्ड. या कार्डाचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही. विक्रेता सोर्स देतो, आपण आपल्या कर्नलसाठी बिल्ड करून मॉड्यूल लोड करायचं. रात्री बॅकअप भरात असताना मधेच सगळं लिहिणं थांबायचं, कंट्रोलर रीसेट व्हायचा, आणि मग गाडी पुन्हा सुरू. दर वेळी ड्रायव्हर लॉगमध्ये एक ओळ टाकायचा: लिहिण्याची रिक्वेस्ट टाइमआउट झाली, पेजचा पत्ता अमुक, फ्लॅग्ज अमुक. फ्लॅग्जच्या जागी लांबलचक आकडा, शेवटचे चार अंक २०३६.

लॉग गोळा केला, तिकीट उघडलं. इथवर काही अडलं नाही.

अडलं ते त्यांच्या पहिल्याच उत्तरात. सपोर्टने तो आकडा आपल्या डिकोडरमध्ये टाकून कळवलं की पेजवर पाच फ्लॅग्ज आहेत: एरर (चूक झालेलं), रेफरन्स्ड (नुकतंच वापरलेलं), डर्टी (बदललेलं, पण अजून डिस्कवर न लिहिलेलं), एलआरयू (अलीकडच्या वापराप्रमाणे लावलेल्या यादीतलं) आणि रायटबॅक (डिस्कवर लिहिणं चालू असलेलं). निष्कर्षही सोबतच होता. पेज डिस्कवर लिहिताना चूक झाली, पेज अजून डर्टी आहे आणि रायटबॅकमध्ये अडकून पडलंय, तेव्हा डिस्क बदला. वाचायला पटण्यासारखं होतं. डिस्क बदलली. त्या रात्री पुन्हा तीच ओळ, पुन्हा २०३६. मग केबल बदला. मग बॅकप्लेन. मग फर्मवेअर चढवा. दर वेळी लॉगचा अख्खा गठ्ठा नव्याने मागायचे, दर पाळीला तिकीट नव्या माणसाकडे जायचं, आणि तो नवा माणूस पहिल्यापासून तेच सांगायचा, ‘डिकोडरनुसार पेजमध्ये एरर आहे.’ डिस्कचा स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो, स्वच्छ होता, तो जोडला तर त्यावर एक अक्षर नाही. मी विचारलं की हा डिकोडर कोणत्या कर्नलच्या यादीवर बनवलाय? उत्तर आलं, ‘आमचं अंतर्गत साधन आहे.’ मधे शनिवार-रविवार आला तर ‘ग्राहकाकडून प्रतिसाद नाही’ म्हणून तिकीट आपोआप बंद. ते पुन्हा उघडा, पुन्हा पहिल्या पायरीपासून.

आमच्या साहेबांनाही दोष देता येत नव्हता. ते म्हणाले, ‘अहो, विक्रेता डिस्क म्हणतोय, तुम्ही म्हणताय डिस्क चांगली आहे. मी वर काय सांगू?’

मग मी आकडा हाताने सोडवायला बसले. २०३६ हे हेक्साडेसिमल आहे, प्रत्येक अंकाचे चार बिट. उजवीकडून शून्यापासून मोजायचं. शेवटच्या ६ मधून बिट १ आणि २ लागलेले मिळतात, ३ मधून बिट ४ आणि ५, शून्यातून काही नाही, आणि २ मधून बिट १३. म्हणजे १, २, ४, ५, १३. इतकं गणित त्यांच्या डिकोडरचंही बरोबर होतं. प्रश्न होता तो कोणत्या बिटाचं नाव काय, याचा.

आणि सगळी मेख इथेच आहे. कर्नलच्या सोर्समध्ये पेज-फ्लॅग्ज नावाच्या हेडर फाइलमध्ये या फ्लॅग्जची एक यादी असते. तिथे नावांसमोर आकडे लिहिलेले नसतात. यादीत जो ज्या जागी उभा, तोच त्याचा बिट. मधे एक नाव घुसलं की पुढचे सगळे सरकतात. कर्नलला त्याचं काही नाही, कारण हा त्याच्या घरातला हिशेब आहे आणि बाहेरच्या कोणी त्यावर विसंबावं असं त्याने कधीच म्हटलेलं नाही. शिवाय काही फ्लॅग्ज कॉन्फिगप्रमाणे असतात किंवा नसतात, त्यामुळे यादीच्या शेवटाकडे एकाच आवृत्तीच्या दोन बिल्डमध्येही फरक पडू शकतो.

३.१० च्या कर्नलमध्ये क्रम असा होता: लॉक्ड शून्यावर, एरर १, रेफरन्स्ड २, अपटुडेट ३, डर्टी ४, एलआरयू ५, अ‍ॅक्टिव्ह ६, स्लॅब ७, आणि असं करत प्रायव्हेट ११, रायटबॅक १३. सुरुवातीच्या या जागा ४.९ पर्यंत टिकल्या. ४.१० मध्ये वेटर्स नावाचा फ्लॅग आला. पेज अनलॉक करताना वेळ वाचावा म्हणून तो लॉक्डच्याच बाइटमध्ये, बरोबर सातव्या बिटावर बसवावा लागला. मग २०१८ च्या शेवटी ४.२० मध्ये वर्किंगसेट आला. तो सातच्या आत बसवला, म्हणून एररला पहिल्या जागेवरून उठवून आठवर नेलं. झालं. रेफरन्स्डपासून अ‍ॅक्टिव्हपर्यंत सगळे एकेक घर खाली आले, आणि दोन्ही बदल मिळून प्रायव्हेट ११ वरून १३ वर गेला.

आता आमच्या ५.१० च्या यादीने तोच आकडा वाचा. १ म्हणजे रेफरन्स्ड, २ अपटुडेट, ४ एलआरयू, ५ अ‍ॅक्टिव्ह, १३ प्रायव्हेट. पेज नुकतंच वापरलं गेलंय, त्यातला मजकूर पूर्ण आणि वैध आहे, ते एलआरयू यादीत अ‍ॅक्टिव्ह बाजूला आहे, आणि फाइल सिस्टिमने त्याला आपली माहिती जोडली आहे. एक्स्ट-फोरच्या पेजवर हे नेहमी दिसतं. एरर नाही, डर्टी नाही, रायटबॅक नाही. फाइल कॅशमधलं निरोगी पेज! त्यांनी सांगितलेले पाच फ्लॅग्ज ३.१० च्या यादीशी तंतोतंत जुळत होते. गेल्या वर्षीचं पंचांग बघून यंदाची एकादशी धरावी, तसं त्यांचं चाललं होतं, आणि उपास आम्ही करत होतो.

यातून आणखी एक गोष्ट निघाली, आणि तीच खरी कामाची. ड्रायव्हर म्हणतोय की या पेजची लिहिण्याची रिक्वेस्ट अजून अडकलेली आहे. तसं असतं तर पेजवर रायटबॅक दिसायलाच हवा होता. तो नाही, डर्टीही नाही, म्हणजे लिहिणं आधीच पार पडलेलं आहे. पूर्ण झालेली रिक्वेस्ट ड्रायव्हरच्या टाइमआउटच्या हिशेबात तशीच राहतेय, आणि तो नसलेल्या अडचणीवर कंट्रोलर रीसेट करतोय. दोष ड्रायव्हरमध्ये होता.

हे सगळं मांडून लिहिलं. उत्तर: ‘तुमचं वाचन आमच्या साधनाशी जुळत नाही.’

त्या दिवशी ठरवलं की आता कर्नललाच बोलू द्यायचं. २०१६ मध्ये आलेल्या ४.६ पासून कर्नलच्या प्रिंट-के मध्ये, म्हणजे लॉगमध्ये ओळ छापणाऱ्या फंक्शनमध्ये, ही सोय आहे. फॉरमॅटमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे लहान पी, मोठा जी, लहान पी लिहायचं की फ्लॅग्जची नावं उभ्या रेघांनी जोडून छापली जातात. जी मोठाच हवा. मी याला पुढे पी-जी-पी म्हणते. ड्रायव्हरच्या सोर्समध्ये ती टाइमआउटची ओळ शोधली, नुसता आकडा छापणारा फॉरमॅट काढून पी-जी-पी घातला, मॉड्यूल पुन्हा बिल्ड केलं, लोड केलं. सिक्युअर बूट चालू असेल तर नव्या मॉड्यूलवर सही करायला विसरू नका, नाहीतर कर्नल ते लोडच करणार नाही.

त्या रात्री लॉगमध्ये आलं: रेफरन्स्ड, अपटुडेट, एलआरयू, अ‍ॅक्टिव्ह, प्रायव्हेट. कर्नलच्या स्वतःच्या तोंडून. ती ओळ पाहून मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. तिकिटात चिकटवली, सोबत दोन्ही आवृत्त्यांच्या हेडर फाइलींमधल्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. त्यानंतर प्रकरण पहिल्यांदा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांपर्यंत पोचलं.

आता जे जे आठवतंय ते सांगते.

पी-जी-पीला फ्लॅग्जची किंमत द्यायची नसते, पत्ता द्यायचा असतो. म्हणजे फ्लॅग्जच्या आधी अँडचं चिन्ह. किंमत दिलीत तर कंपायलर इशारा देतो, तो दुर्लक्षू नका, कारण कर्नल त्या किमतीलाच पत्ता समजून तिथे वाचायला जातो. नशीब चांगलं असेल तर लॉगमध्ये ‘ई-फॉल्ट’ छापून येतं, नसेल तर मशीन तिथेच कोसळतं.

उलट एका बाबतीत कंपायलर अजिबात मदत करत नाही. ४.६ च्या आधीच्या कर्नलवर पी-जी-पी वापरलंत तर इशारा नाही, चूक नाही, फक्त नावांच्या जागी एक पत्ता छापला जातो. कंपायलरला टक्का-पी एवढंच कळतं, पुढची अक्षरं कर्नलने समजून घ्यायची असतात. जुन्या सर्व्हरवर असा आकडा दिसला तर त्याला फ्लॅग्ज समजून सोडवत बसू नका.

ड्रायव्हरच्या सोर्सला हात लावता येत नसेल तरी वाट आहे. चालू कर्नलची डीबग माहिती असलेली व्ही-एम-लिनक्स फाइल मिळवा. क्रॅश नावाच्या साधनात के-मेम कमांडला लहान जी हा पर्याय आणि पुढे आकडा दिलात की त्याच कर्नलच्या यादीने नावं मिळतात. जीडीबी या डीबगरमध्ये पेजफ्लॅग्जच्या एनमचा (क्रमवार नावांच्या यादीचा) टाइप छापायला सांगितलं की पूर्ण यादी क्रमाने समोर येते. विक्रेत्याशी भांडायचं असेल तर ही यादी तिकिटात पहिल्याच दिवशी जोडा.

आणखी एक सापळा. ‘प्रॉक’खाली केपेजफ्लॅग्ज नावाची फाइल असते, आणि पेज-टाइप्स हे साधन ती वाचून दाखवतं. चालू मशीन तपासायला उत्तम. पण तिथले बिट क्रमांक वेगळे आहेत. ते बाहेरच्या प्रोग्रॅमसाठी कायमचे ठरवून दिलेले आहेत, आतल्या यादीशी त्यांचा संबंध नाही. त्या यादीत १३ म्हणजे स्वॅपकॅश. आमचा २०३६ तिने वाचला असता तर एरर, रेफरन्स्ड, डर्टी, एलआरयू, स्वॅपकॅश असं तिसरंच काहीतरी निघालं असतं. इंटरनेटवर शोधलं की बहुतेक वेळा हीच यादी पहिली सापडते, म्हणून मुद्दाम सांगितलं.

त्या लांब आकड्याचा वरचा भाग बघून घाबरू नका. तिथे नोड, झोन वगैरे, म्हणजे पेज मेमरीच्या कोणत्या भागातलं, ही माहिती भरलेली असते. ५.१३ पासून पी-जी-पी हे वरचे भागही उलगडून दाखवतं, आणि ५.१६ पासून मूळ आकडाही छापतं. आमच्या ५.१० वर फक्त नावं येतात, कामाला तेवढी पुरली.

नुसत्या फ्लॅग्जपेक्षा जास्त हवं असेल तर डम्प-पेज हे फंक्शन बोलवा. रेफरन्स काउंट, मॅपिंग, इंडेक्स आणि फ्लॅग्जची नावं सगळं एकदम मिळतं. मात्र ते बऱ्याच ओळी छापतं, वारंवार लागणाऱ्या वाटेवर ठेवू नका. मेमरी मागताना दिलेल्या जीएफपी फ्लॅग्जसाठी शेवटचं अक्षर पीऐवजी लहान जी, आणि व्हीएमएच्या (प्रोसेसच्या मेमरीतल्या एका सलग पट्ट्याच्या) फ्लॅग्जसाठी लहान व्ही. आउट-ऑफ-मेमरीच्या संदेशात जीएफपीच्या आकड्यापुढे कंसात नावं दिसतात, तीही ४.६ पासूनचीच सोय.

नावं मिळाली तरी एक फ्लॅग जपून वाचा: ओनर-प्रायव्हेट-वन. त्याचा अर्थ पेज कोणाच्या ताब्यात आहे त्यावर ठरतो. फाइल सिस्टिमच्या पेजवर तो चेक्ड म्हणून वापरला जातो, आणि ४.१० पासून स्वॅपबॅक्ड (स्वॅपमध्ये जाऊ शकणाऱ्या) पेजवर तोच स्वॅपकॅश असतो. छापताना मात्र दोन्हीकडे नाव एकच येतं.

विक्रेत्याच्या नव्या आवृत्तीत टाइमआउटच्या हिशेबाचा दोष गेला. बॅकअप आता मधे न थांबता पूर्ण होतात, आणि काढून ठेवलेली ती डिस्क दुसऱ्या सर्व्हरमध्ये मजेत चालू आहे. पण ती टाइमआउटची ओळ नव्या आवृत्तीतही नुसता आकडाच छापते. म्हणून आमचा पॅच डीकेएमएस या मॉड्यूल आपोआप पुन्हा बिल्ड करणाऱ्या साधनाच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवून ठेवलाय, म्हणजे कर्नल बदलला की मॉड्यूल बिल्ड होताना तो आपोआप लागतो. विक्रेत्यालाही तोच पॅच पाठवलाय आणि त्यासाठी वेगळं तिकीट उघडलंय. ते आपोआप बंद होऊ नये म्हणून दर शुक्रवारी मी त्यात एक ओळ लिहिते.