हे शून्य तू पाहिलंस का?

मैदानाच्या कोपऱ्यात, तारेच्या कुंपणात, आपल्या शाळेचा पर्जन्यमापक होता. आठवी-नववीची दोन वर्षं त्याची नोंद ठेवायचं काम माझ्याकडे होतं. सकाळी साडेआठला नरसाळं काढायचं, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीशी आणून मिलिमीटर वाचायचे आणि रजिस्टरात लिहायचे. आपला माणदेश. वर्षात मोजपात्र ओलं व्हायचे दिवस किती, ते तुम्हाला सांगायला नको. रजिस्टराची पानंच्या पानं शून्यांनी भरलेली असायची.

नववीत असताना चैत्रात घरच्यांबरोबर शिंगणापूरच्या यात्रेला गेले. तीन दिवस बुडाले. सोमवारी सकाळी यात्रेहून थेट शाळेत पोचले, कुंपणापर्यंत न जाताच रजिस्टर उघडलं आणि राहिलेल्या रकान्यांत शून्यं मांडून टाकली. चैत्रात आपल्याकडे कुठला पाऊस!

भूगोलाचे सर दर सोमवारी रजिस्टरावर सही करायचे. त्यांनी त्या शून्यांवर बोट ठेवलं.

"हे शून्य तू पाहिलंस का?"

मी गप्प. सर मला पर्जन्यमापकापाशी घेऊन गेले. बाटलीत पाणी होतं. आम्ही यात्रेत असताना गावावर वळीव येऊन गेला होता. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पाऊस पडला नाही, असं पाहिल्यावर शून्य लिहायचं. पाहिलंच नसेल, तर 'नोंद नाही' असं लिहायचं. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." मी खोडरबर काढला, तर तो त्यांनी बाजूला ठेवायला लावला. शून्यांवर लाल पेन्सिलीची एक रेघ ओढली आणि शेजारी पाणी मोजून आकडा लिहिला.

पुढे मी पुण्यात भौतिकशास्त्र शिकले आणि मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गॅमा किरणांच्या खगोलशास्त्रात काम करू लागले. गावाकडे आले की कुणी ना कुणी विचारतं, "कॅन्सरवर देतात तेच का हे गॅमा किरण?" जात तीच. पण आम्ही ज्यांच्या मागावर असतो, त्यांची ऊर्जा दवाखान्यातल्या कोबाल्टच्या किरणांपेक्षा लाखपटीहून जास्त असते. फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष, दूरच्या दीर्घिकांच्या पोटातली महाकाय कृष्णविवरं अशा ठिकाणांहून ते निघतात.

गंमत अशी, की हे किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत. हवेत शिरल्यावर वर, वीसेक किलोमीटरवरच, किरण मोडतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी जन्मते. त्यांच्यापासून आणखी किरण, त्यांच्यापासून आणखी कण, असा वर्षाव खाली येतो. हे कण हवेतल्या प्रकाशापेक्षाही वेगानं धावतात आणि त्यामुळे निळसर प्रकाशाची एक लकेर उमटते. तिला चेरेंकॉव्ह प्रकाश म्हणतात. ती टिकते काही नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश. डोळ्याला ती दिसणं शक्य नाही. म्हणून आरसे लावायचे, त्यांच्या नाभीशी प्रकाशाचा कण न् कण टिपणाऱ्या नळ्या बसवायच्या आणि चंद्र नसलेल्या निरभ्र रात्री बसून राहायचं. १९५२-५३ मध्ये गालब्रेथ आणि जेली या दोघा शास्त्रज्ञांनी इंग्लंडमध्ये हा प्रकाश पहिल्यांदा टिपला, तेव्हा त्यांचा आरसा २५ सेंटिमीटरचा होता आणि तो कचऱ्याच्या डब्यात बसवला होता. हे वाचलं तेव्हा मला आपला पत्र्याचा पर्जन्यमापक आठवला आणि आपण योग्य ठिकाणी आलो आहोत, असं वाटलं.

मी आधी सातपुड्यात पचमढीला काम केलं. तिथं २५ दुर्बिणी पाचाच्या पाच ओळींत मांडलेल्या होत्या. नंतर लडाखमध्ये हानले. समुद्रसपाटीपासून सुमारे ४३०० मीटर उंच, थंड वाळवंट, पाऊस माणदेशाहूनही कमी. तिथं आमची 'हगर' ही मांडणी २००८ मध्ये पूर्ण झाली: सात दुर्बिणी, प्रत्येकीवर ९० सेंटिमीटर व्यासाचे सात आरसे. एवढ्या उंचीवर जायचं कारण साधं आहे. वर्षावाच्या जितकं जवळ जाऊ, तितका प्रकाश दाट मिळतो. पहिले दोन दिवस मात्र नुसतं पडून राहायचं, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते.

खरी अडचण वेगळीच आहे. तशीच लकेर वैश्विक किरणांतले, म्हणजे अवकाशातून सतत येणाऱ्या कणांतले, प्रोटॉनही उमटवतात आणि त्यांची संख्या गॅमा किरणांच्या कितीतरी पट असते. त्यामुळे आम्ही काय करतो, तर तासभर त्या स्रोताकडे पाहतो आणि तेवढाच वेळ आकाशाच्या रिकाम्या तुकड्याकडे पाहतो. त्याच उंचीवर, त्याच वाटेनं. दोन्हींची वजाबाकी करायची, उरेल ते स्रोताचं. म्हणजे माझ्या नोकरीतल्या निम्म्या रात्री मी मुद्दाम काही नसलेल्या जागी पाहत काढल्या आहेत. आणि बरेचदा वजाबाकीतून काहीच उरत नाही. तेही छापायचं असतं, 'इतक्यापेक्षा जास्त असता तर दिसला असता' अशी वरची मर्यादा देऊन.

या शास्त्राला हे शहाणपण महागात पडून आलं आहे. १९७० आणि ८० च्या दशकांत हंस तारकासमूहातल्या सिग्नस एक्स-३ या जोडताऱ्यासारख्या स्रोतांकडून गॅमा किरण मिळाल्याचे किती दावे झाले, पण पुढच्या चांगल्या उपकरणांना ते दिसेनात. निःशंक म्हणावा असा पहिला पुरावा १९८९ मध्ये मिळाला, अमेरिकेतल्या ॲरिझोनामध्ये, दहा मीटरच्या व्हिपल दुर्बिणीवर, क्रॅब तेजोमेघाकडून. चिनी लोकांनी १०५४ मध्ये ज्या ताऱ्याचा स्फोट पाहून लिहून ठेवला, त्याचाच तो अवशेष. एक हजार वर्षांपूर्वी कुणीतरी तारीख घालून नोंद केली म्हणून आज आपल्याला त्याचं वय माहीत आहे.

फेब्रुवारी २०१०. अमावास्या होऊन तीन दिवस झाले होते. सप्तर्षीत मार्केरियन ४२१ नावाची दीर्घिका आहे, सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षं दूर. रात्रभर तिच्यावर दुर्बिणी होत्या. पहाटे, बाहेर पारा शून्याच्या खूप खाली, माझ्याबरोबरचा संशोधक विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, शेवटचं रिकामं आकाश राहू द्यायचं का? कालचं वापरता येईल. आकाश तर तसंच आहे."

त्याचं काही चुकलं नव्हतं, थंडीनं बोटं चालत नव्हती. पण मी नाही म्हटलं. तो तास चालू असताना त्याला शिंगणापूरच्या यात्रेची गोष्ट सांगितली.

त्या काळात मार्केरियन ४२१ भडकली होती. १७ फेब्रुवारीचं तेज क्रॅबच्या सहा-सातपट निघालं. एवढा मोठा आकडा कुणी सहज मान्य करत नाही. मान्य झाला, कारण शेजारी त्याच रात्रीचं रिकामं आकाश होतं.

आता हानलेला भाभा अणुसंशोधन केंद्राची २१ मीटरची 'मेस' दुर्बीण उभी आहे. माझा तो विद्यार्थी आता स्वतःचे विद्यार्थी घेऊन लडाखला जातो.

गेल्या दिवाळीत शाळेत आले होते. भूगोलाच्या कपाटात ते रजिस्टर अजून आहे. पान सापडलं. लाल रेघेखाली माझी शून्यं स्पष्ट दिसतात आणि शेजारी सरांच्या अक्षरात आहे: ६.२ मिमी, तीन दिवसांचा एकूण. सर आता नाहीत. पुढची पानं चाळली तर अक्षरं बदलत गेलेली, मग रकाने रिकामे, मग पानंच कोरी. मोजपात्र फुटलं होतं म्हणे.

नवं मोजपात्र आणि दोनशे पानी रजिस्टर या स्मरणिकेबरोबर पोचेल. पहिल्या पानावर मी फक्त रकाने आखून दिले आहेत. वाचन सकाळी साडेआठला.