आमची वाटचाल : पंप दुरुस्त होतो, टाकी होत नाही

भोसरीत आमच्या कामाची सुरुवात कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणाऱ्या मशिनची, हेडं (सिलिंडरवरची व्हॉल्व्हची झाकणं) उघडण्यापासून झाली. व्हॉल्व्ह प्लेटा बदलायच्या, रिंगा टाकायच्या, बेल्ट ताणून द्यायचे. पुढे गिऱ्हाइकं म्हणू लागली, चांगलं जुनं मशिन शोधून द्या. मग बसवूनही द्या. मग शेडमधली हवेची लाइनही तुम्हीच टाका. आज ही सगळी कामं आम्ही एकत्रच घेतो. कारण ‘हवा पुरत नाही’ या तक्रारीचं मूळ बरेचदा पंपात नसतंच. ते लाइनीत, पाण्यात किंवा गळतीत असतं.

गॅरेज, पेंटिंग आणि लहान मशिन शॉप यांना लागणारा नेहमीचा माल म्हणजे ५ एचपी, दोन स्टेजचा (हवा दोन टप्प्यांत दाबणारा) पंप आणि २२० लिटरची टाकी. असं मशिन आलं की पहिला हात टाकीला. पंपाचा प्रत्येक भाग बाजारात मिळतो. टाकीचा पत्रा आतून गंजला की त्याला इलाज नाही.

टाकीवरची प्लेट आधी वाचतो : वर्किंग प्रेशर, टेस्ट प्रेशर, वर्ष, नंबर. प्लेट नसेल तर ती टाकी आम्ही घेत नाही, किंमत कितीही पडलेली असो. मग खालचा ड्रेन प्लग काढतो. तांबडं पाणी येणारच, पण त्यात गंजाच्या खपल्या आल्या तर कान टवकारायचे. पाणी तळाला साचतं, म्हणून तळाचा पट्टा, पायांच्या वेल्डिंगजवळचा भाग आणि शिवणी यांची जाडी अल्ट्रासॉनिक गेजने मोजतो. वरचा पत्रा ठणठणीत आणि तळ पातळ, असं हमखास आढळतं. ठिगळ मारलेली टाकी थेट भंगारात जाते. त्याआधी तिला भोक पाडतो, म्हणजे ती रंग लावून पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही.

त्यानंतर हायड्रो टेस्ट. टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, वरून सगळी हवा काढायची आणि हातपंपाने प्लेटवरच्या टेस्ट प्रेशरपर्यंत न्यायचं, त्याच्या वर नाही. काटा अर्धा तास जागचा हलता कामा नये. ही चाचणी पाण्यानेच का? पाणी जवळपास दाबलंच जात नाही. शिवण उघडली तर दाब लगेच खाली येतो. हवेने तीच चाचणी केली तर टाकीत कोंडलेली सगळी शक्ती एका क्षणात बाहेर पडते आणि पत्रा फाटून उडतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना कायदा १९४८ च्या कलम ३१ मध्ये दाबाखाली चालणाऱ्या यंत्रांच्या सुरक्षेची जबाबदारी घातलेली होती. कायद्याखाली नोंदलेल्या कारखान्यात टाकी जाणार असेल, तर सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि दाखला घ्यायलाच लावतो.

पंपाची परीक्षा घड्याळावर होते. २२० लिटरची टाकी शून्यापासून १० किलोपर्यंत (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब; एक किलो साधारण वातावरणाच्या दाबाइतका) भरायची म्हणजे २,२०० लिटर हवा. चांगला ५ एचपी पंप मिनिटाला ५०० लिटरच्या आसपास हवा देतो, म्हणजे १७-१८ सीएफएम (मिनिटाला घनफूट). हिशेबाने साडेचार मिनिटं होतात. सहा-सात मिनिटं लागली तर हेड उघडायचं. कोणतं, ते इंटरकूलरचं (दोन स्टेजच्या मधे हवा थंड करणाऱ्या नळीचं) गेज सांगतं. टाकीत १० किलो असताना दोन स्टेजच्या मधे दोन ते अडीच किलो असायला हवं. त्याहून बरंच जास्त असेल किंवा इंटरकूलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडत असेल, तर हाय प्रेशर बाजूचा व्हॉल्व्ह हवा मागे सोडतोय. कमी असेल तर लो प्रेशरचे व्हॉल्व्ह किंवा रिंगा. तेल कॉम्प्रेसरचंच, व्हीजी १०० ग्रेडचं. इंजिन ऑइलने व्हॉल्व्ह प्लेटांवर काजळी धरते.

मशिन बंद होताना फुस्स असा आवाज यायला हवा. पंप आणि एनआरव्ही (टाकीतली हवा मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) यांच्या मधली हवा सुटते तो हा आवाज. तो थांबतच नसेल तर एनआरव्ही गळतोय. आलाच नाही तर पुढच्या वेळी मोटर दाबाविरुद्ध सुरू होईल, घुमेल आणि ओव्हरलोड पडेल. अशा वेळी लोक मोटर बदलतात, आणि दोष असतो अनलोडरचा, म्हणजे ही मधली हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा.

बसवताना भिंतीपासून दीड फूट जागा सोडतो. पुलीचे पंखे हवा सिलिंडरवर फेकतात का ते पाहून फेज जोडतो; उलट फिरलं की हेड तापतं. पाय रबर पॅडवर टेकवायचे. खडबडीत फरशीवर बोल्ट आवळून पाय ओढून धरले, तर थरथरीने टाकीच्या पायांच्या वेल्डिंगलाच तडा जातो. प्रेशर स्विच ८ ला चालू, १० ला बंद. सेफ्टी व्हॉल्व्ह थेट टाकीवर, मधे कोणताही कॉक नाही. ११ किलोला उडणारा, पण टाकीच्या वर्किंग प्रेशरपेक्षा जास्त सेट केलेला कधीच नाही. प्लेटवर १० च असेल तर सेफ्टी १० ला आणि स्विच ९ ला बंद.

आता लाइन. पीव्हीसी पाइप हवेसाठी आम्ही टाकत नाही, गिऱ्हाइकाने स्वतः आणून दिला तरी नाही. पाण्याच्या लाइनीत तो फुटला तर गळतो; हवेच्या लाइनीत त्याचे तुकडे काचेसारखे उडतात. आम्ही निळ्या पट्टीचा, म्हणजे बी क्लासचा जीआय पाइप वापरतो : मुख्य लाइन एक इंच, खाली येणारे फाटे अर्धा इंच. पाऊण इंचही चालला असता, पण पुढे दुसरं मशिन लागतंच. पंपापासून टाकीपर्यंतचा पाइप धातूचाच, कारण तो भाजण्याइतका तापतो. टाकीतून निघताना बॉल व्हॉल्व्ह, मग तारेच्या विणीची लवचिक नळी आणि मग पाइप, म्हणजे थरथर लाइनीत जात नाही. चुड्यांना (पाइपाच्या आट्यांना) टेफ्लॉन टेप, पहिली चुडी मोकळी सोडून. सुतळी-सफेद्याचे कण सुटून रेग्युलेटरमध्ये अडकतात.

हवेतून किती पाणी पडतं, ते मात्र कुणाला खरं वाटत नाही. पावसाळ्यात २८ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत साधारण २२ ग्रॅम वाफ असते. १० किलोला दाबून ४० अंशाच्या टाकीत आल्यावर त्यातली पाचेक ग्रॅमच वाफ म्हणून टिकते. तासाला ३० घनमीटर हवा ओढली तर अर्धा लिटर पाणी टाकीत. हवा लाइनीत आणखी थंड होते, तिथे उरलेलं पडतं. म्हणून टाकीचा ड्रेन रोज, पावसाळ्यात दिवसातून दोनदा. मुख्य लाइनीला हवेच्या दिशेने दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतार. प्रत्येक फाटा टीच्या (तीन तोंडांच्या जोडाच्या) वरच्या तोंडातून उलटा वळवून खाली आणायचा. खालून काढला तर सगळं पाणी हत्यारातच येतं. फाट्याच्या टोकाला फूटभर पाइप आणि ड्रेन कॉक. स्प्रे गनच्या फाट्यावर फिल्टर आणि रेग्युलेटर, पण ल्युब्रिकेटर (हवेत तेल सोडणारा) नाही. तेलाच्या थेंबाने रंगावर खड्डे पडतात.

काम हातात देण्याआधी सगळी हत्यारं बंद ठेवून मशिन चालवतो. लोडवर (हवा भरत) चालण्याचा वेळ भागिले एकूण वेळ, तेवढी गळती. दोन मिनिटं लोड आणि अठरा मिनिटं बंद, म्हणजे दहा टक्के. मग साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड. ७ किलोवर ३ मिलिमीटरचं एक भोक मिनिटाला ६०० लिटरहून अधिक हवा सोडतं, म्हणजे ५ एचपीचं पूर्ण मशिन त्या एका भोकासाठी चालतं. हा आकडा गिऱ्हाइकासमोर मोजून दाखवतो आणि जोड कोरडे होईपर्यंत बिल लावत नाही.