पावसाळ्यातल्या माथेरानच्या लाल वाटा

जुलैत दस्तुरी नाक्यावर गाडी सोडून आम्ही चालायला लागलो. बाजारापर्यंतच्या मुख्य रस्त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. पाहण्यासारख्या आहेत त्या पॉइंटांकडे फुटणाऱ्या कच्च्या वाटा. त्यांवर माणसं आणि घोडे दोघेही चालतात, आणि मातीची धूप तिथेच दिसते.

माथेरानचा माथा जांभ्याचा, म्हणजे लाल, सच्छिद्र दगडाचा. वरचं कवच टणक, खालचा थर मऊ. कवच फुटलं की पाणी खालची माती ओढून नेतं आणि वाटेची घळ होते. घोड्याच्या नालेमुळे ओल्या मातीत खळगे पडतात, त्यांत पाणी साचतं, आणि बूट वाचवायला आपण कडेने जातो. मग कडेचं गवत जातं, झाडांची मुळं उघडी पडतात, वाट दुप्पट रुंद होते. बोल घोड्यांना लागतो, पण वाट रुंद करतो तो कोरड्या पायांचा हट्ट धरणारा पर्यटक.

म्हणून चिखलातून सरळ मधोमध जावं. पकड असलेले रबरी तळव्याचे बूट घातले की झालं. समोरून घोडा आला तर दरीची बाजू सोडून डोंगराच्या बाजूला, शक्यतो एखाद्या दगडावर, शांत उभं राहावं. टाच बोटभर रुतायला लागली की ती वाट त्या दिवशी सोडून द्यावी.

वाट टिकते ती पाणी बाहेर काढल्याने. मीटरभर रुंदीला साधारण 5 सेंटीमीटर आडवा उतार दरीकडे हवा. चढावर पाणी वळवायला चिऱ्यांची, म्हणजे घडवलेल्या दगडांची, ओळ वाटेला सुमारे 45 अंशांत तिरकी, दोन तृतीयांश जमिनीत गाडून बसवायची. काटकोनात बसवली तर मागे गाळ भरतो आणि पाणी वरून उडी मारतं. टोकं काठापर्यंत नेली नाहीत तर ते वळसा घालून जातं. चढ जितका तीव्र, तितक्या ओळी जवळजवळ. ओळीच्या खालच्या टोकाचं, पाणी बाहेर पडण्याचं तोंड मे महिन्यात मोकळं करायचं आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हा बघायचं. चिखलावर नुसता मुरूम ओतणं म्हणजे पैसे वाहून जाऊ देणं.

हौशी मंडळी चिखलात पाय ठेवायला सुटे दगड मांडतात, तेही नको. त्यांना अडून पाणी काठाकडे वळतं आणि काठ पोखरतं. चिऱ्यांच्या ओळीच्या तोंडाशी अडकलेला पाला मात्र जाता जाता काठीने जरूर काढावा.