तुम्ही विचारलंत म्हणून : दोन ओळींना दोन दिवस?

"मॉडेल एवढं हुशार आहे म्हणता, मग टूलचं वर्णन लिहायला दोन दिवस कशाला?" शाहू मार्केट यार्डातल्या अडत दुकानापासून शिरोलीच्या फौंड्रीपर्यंत हा प्रश्न मला सगळीकडं विचारतात. बिल हातात पडल्यावर तर हमखास.

डेटाबेसमधून माहिती काढणारं फंक्शन, म्हणजे छोटा प्रोग्राम, आम्ही लिहितो, त्याला टूल म्हणायचं. मॉडेल म्हणजे भाषा समजणारं एआय; ते अशी टूलं वापरून तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधतं, तेव्हा त्याला एजंट म्हणायचं. टूलातला कोड एजंटला दिसत नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि सोबत काय काय द्यायचं त्याची यादी. नोव्हेंबर 2024 मध्ये एमसीपी आलं, म्हणजे एजंटला टूलं जोडायची एक सामाईक पद्धत, आणि जोडणी सोपी झाली, पण एजंट टूल निवडतो ते अजून याच मजकुरावरनं.

आता माझीच चूक सांगतो. गुळाच्या एका अडत दुकानाचं काम होतं. एका टूलचं वर्णन मी लिहिलं, 'उचलीची माहिती आणतो', आणि घरी जाऊन निवांत जेवलो. दुसऱ्या दिवशी मालकांनी एजंटला विचारलं, "या महिन्यात उचल किती झाली?" उत्तर आलं रुपयांत. गुऱ्हाळवाल्यांना दिलेल्या आगाऊ पैशांची बेरीज होती ती, आणि अगदी बरोबर होती. मालकांना हवं होतं, सौदे झाल्यावर व्यापाऱ्यांनी माल किती उचलला ते. त्या दुकानात दोन्हीला उचलच म्हणतात. समोर गुऱ्हाळवाला बसलाय की व्यापारी, त्यावर अर्थ कळतो. एजंटच्या समोर कोणीच बसलेलं नसतं. (त्यातनं हे कोल्हापूर. इथं 'पहिली उचल' म्हटलं की माणसाला साखर कारखाना आणि आंदोलनच आठवतं.)

मग ते वर्णन असं झालं : 'गूळ येण्याआधी गुऱ्हाळमालकाला दिलेली आगाऊ रक्कम, रुपयांत. व्यापाऱ्यानं नेलेल्या मालासाठी हे वापरू नये, त्यासाठी मालउठाव हे टूल आहे. प्रश्नात नुसतं उचल असेल आणि कुठली ते कळत नसेल, तर आधी विचारावं.' यातलं मधलं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. टूल काय करतं ते कोणीही लिहितो. कुठं वापरायचं नाही हे लिहायला मात्र शेजारची सगळी टूलं डोक्यात असावी लागतात. दोन दिवस तिथंच जातात.

दुसरी खोड जास्त वाईट, कारण ती दिसत नाही. आवक दाखवणारं टूल एका वेळी 50 नोंदीच देत होतं. हे मी कुठंच लिहिलं नव्हतं. एजंटनं त्या 50 ची बेरीज केली आणि महिन्याची आवक म्हणून ठणकावून सांगितली. आता वर्णनात मर्यादा लिहिलीय, एकूण आकड्यासाठी वेगळं टूल दिलंय, आणि नोंदी शिल्लक असल्या तर उत्तरातही तसं येतं. तारखेचंही तेच. 05/04 म्हणजे पाच एप्रिल की चार मे? म्हणून नमुनाच लिहून टाकला, 2025-04-05.

म्हणून महाभारतही लिहू नये. सगळ्या टूलांची वर्णनं सहसा प्रत्येक प्रश्नाबरोबर मॉडेलकडं जातात, त्याचे टोकन, म्हणजे मजकुराचे छोटे तुकडे, मोजले जातात. आणि 'हे टूल फक्त वाचतं' असं लिहिलं म्हणून निर्धास्त झोपू नका. ते कुलूप डेटाबेसलाच लावायचं : एजंटच्या युजरला सिलेक्टखेरीज, म्हणजे नुसतं वाचण्याखेरीज, कसलाच परवाना द्यायचा नाही. वर्णनावर भिस्त ठेवून पुसायचे अधिकार देणारे लोक मी पाहिलेत.

हल्ली लिहून झालं की कागद छापून दुकानातल्या दिवाणजींना वाचायला देतो. त्यांना एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसची भाषा, येत नाही, तेच बरं. परवा सौद्यांच्या टूलचा कागद त्यांनी दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सगळं खरं, पण मोडलेला सौदा यात धरलाय का न्हाई?"

धरला होता. टेबलात रद्द सौदे तसेच राहतात, फक्त शेवटच्या रकान्यात एक अक्षर बदलतं. मी गप कागद परत घेतला.