आत्याची प्लेट

‘अंगाला सवय झालीय गं गोळ्यांची, आता लागूच होत नाहीत,’ खानापूरहून आलेली आत्या म्हणाली. लघवीला जळजळ, वर्षात चौथ्यांदा. दरवेळी गावातल्या औषधाच्या दुकानातून सेफिक्झिम या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणायच्या, दोन घेतल्या की बरं वाटायचं, उरलेल्या दोन देव्हाऱ्याशेजारच्या डब्यात, पुढच्या वेळेसाठी.

बेळगावात एका लॅबमध्ये मी कल्चरचं, म्हणजे नमुन्यातले जंतू प्लेटवर वाढवून बघायचं, काम करते. तिचा नमुना मीच लावला. दुसऱ्या दिवशी ई. कोलाय नावाचे जंतू उगवले. ते नव्या प्लेटवर पसरून वर औषधांच्या टिकल्या ठेवल्या. औषध चाललं तर टिकलीभोवती जंतू उगवत नाहीत, स्वच्छ गोल पडतो. तो आम्ही पट्टीने मोजतो. आत्याच्या प्लेटवर सेफिक्झिमच्या टिकलीला जंतू पार चिकटून वाढले होते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचंही तेच. नायट्रोफ्युरँटॉइनभोवती २० मिलिमीटरचा गोल दिसला, तेव्हा जीव भांड्यात पडला.

सवय आत्याच्या अंगाला झालीच नव्हती. बदलले होते जंतू. पोषक जागी ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. इतक्या वेळा डीएनएची नक्कल काढताना चुका होतात आणि एखाद्या चुकीने एखादा जंतू औषधातून वाचतो. औषध त्याला काही शिकवत नाही; भोवतालचे मारून त्याला रान मोकळं करून देतं. शिवाय गोळी फक्त मूत्राशयात जात नाही. आतड्यातल्या जंतूंनाही ती लागते, आणि लघवीत येणारे ई. कोलाय बहुतेकदा तिथलेच. तिथे जंतू प्लाझ्मिड नावाची डीएनएची छोटी कडी एकमेकांना देतात, भाताचं बियाणं शेजाऱ्याला द्यावं तशी. सेफिक्झिम तोडणाऱ्या एन्झाइमचं जनुक अनेकदा अशाच कडीवर असतं. दुसऱ्या जातीच्या जंतूलाही ते मिळू शकतं.

सेफिक्झिम २०१४ पासून शेड्यूल एच-१ या सरकारी औषधयादीत आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, पेशंटचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं. आत्याचं नाव कुठल्या वहीत आहे? मला त्या दुकानदाराचा राग येतो. आत्याचा येत नाही. लावणीच्या दिवसांत डॉक्टरकडे जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते.

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून दहा कॅप्सूल दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. जळजळ दुसऱ्याच दिवशी थांबली. चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, ‘सात झाल्या बघ. तीन राहिल्यात. डब्यात नाही ठेवत.’