दोन एमबीपीएसच्या वाटेने पुण्याला

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझ्या स्टुडिओतल्या दोन्ही हार्ड डिस्क एकाच टेबलावर होत्या. एक मूळ, एक बॅकअप. दोन्ही गाळात गेल्या. दिवाळीनंतर एक ताई आल्या. "दादा, लग्नातले आईचे फोटो आहेत ना तुमच्याकडे?" आई मधल्या काळात गेल्या होत्या. मला नाही म्हणावं लागलं.

एक प्रत दुसऱ्या गावात हवीच, हे तेव्हा पक्कं झालं. थोरली बहीण पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. पण पुन्हा काम उभं राहून डेटा 600 जीबी झाला होता आणि माझ्या लाइनचा अपलोड जेमतेम 2 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 2 मेगाबिट. हिशोब मांडला: अखंड चाललं तरी 28 दिवस. रोज रात्री आठच तास दिले तर जवळजवळ तीन महिने, आणि आमच्याकडे पावसात लाइट आणि इंटरनेट दोन्ही जातात.

तरी आधी आरसिंक, म्हणजे एका जागच्या फाइल दुसऱ्या जागी जशाच्या तशा ठेवणारा प्रोग्रॅम, लावून पाहिलं. पहिला धडा वेगाचा. अपलोड पूर्ण भरला की साधं पानही उघडेना, कारण डाउनलोडच्या पोचपावत्यांनाही त्याच वाटेने परत जावं लागतं. मर्यादा सेकंदाला 180 किलोबाइट ठेवली, मग दुकान चालू लागलं. (लाइनचा वेग बिटमध्ये सांगतात, ही मर्यादा बाइटमध्ये असते. आठाने भागायला विसरू नका.) दुसरा धडा जास्त महाग पडला. एका लग्नाच्या 40 जीबीच्या फोल्डरचं नाव बदललं, तर आरसिंकने ते सगळं नवं समजून पहिल्यापासून पाठवायला घेतलं. आठवड्याभराच्या रात्री वाया.

मग रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमकडे वळलो. ते फाइलचे तुकडे करून मजकुरावरून ओळखतं, त्यामुळे नाव बदललं तरी तोच तुकडा पुन्हा जात नाही. लाइन मध्येच तुटली तर चढलेलं बहुतेक सगळं तसंच राहतं. शिवाय सगळं कुलूपबंद जातं. लोकांच्या घरचे फोटो दुसऱ्या घरात ठेवायचे तर मला हे हवंच होतं. पासवर्ड हरवला तर मात्र कोणीही उघडू शकत नाही. तो कागदावर लिहून एक प्रत घरी आणि एक पुण्याच्या ताईच्या कपाटात ठेवली आहे.

पहिली मोठी खेप मी इंटरनेटवरून पाठवलीच नाही. इथेच नव्या डिस्कवर पूर्ण बॅकअप घेतला, ती टॉवेलात गुंडाळली आणि एसटीने कुंभार्ली घाटातून पुण्याला नेली. 600 जीबी एका दिवसात पोचले. ताईकडे ती रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरला जोडली. तिच्या कनेक्शनवर बाहेरून थेट पोचता येत नव्हतं, दोन कॉम्प्युटर इंटरनेटवरून खाजगी जाळ्यात जोडणाऱ्या टेलस्केलने ती अडचण सुटली.

आता रात्री अकरा ते सकाळी सात फक्त नवं जातं. ग्राहकाने निवडलेले फोटो आधी, रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, मोठ्या फाइल) मागाहून. लग्नसराईत रॉ तुंबतात, म्हणून त्या दिवसांत ताईकडे जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती दुसरी डिस्क देतो.

दर महिन्याला पुण्याहून एक फोल्डर परत उतरवून उघडून बघतो. मागच्या खेपेला आईचे फोटो मागायला आलेल्या त्या ताईंचं उतरवलं. नातेवाइकांच्या मोबाइलमधून त्यांनी बारा फोटो गोळा करून मला दिले होते. बाराही उघडले.